आपली तीट शेवटी

सूरजला समुद्राची भीती वाटत नसे. बोटीवर इंजिन बघणाऱ्या माणसाला समुद्र दिसतच नाही. त्याला इंजिन दिसतं, आणि इंजिन बंद पडलं की सगळ्यांचे चेहरे दिसतात. पण रत्नागिरीच्या त्या मुलांच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या वॉर्डात बसल्या बसल्या त्याला पंख्याचीसुद्धा भीती वाटायला लागली होती. पंखा फिरला तर बायला गार लागेल. थांबला तर वीज गेली, वीज गेली म्हणजे ऑक्सिजन गेला, ऑक्सिजन गेला म्हणजे सगळंच गेलं. बायला ऑक्सिजन लावलेलाच नव्हता, हे त्याला दर वेळी मागाहून आठवायचं.

बाय म्हणजे त्याची मुलगी. ती दीड महिना लवकर जगात आली आणि आल्यापासून सगळ्यांची अशी धावपळ उडवली की बारसंच राहून गेलं. हॉस्पिटलवाले तिला आईच्या नावाने ‘मृणालीचं बेबी’ म्हणत, घरचे बाय म्हणत, आणि ती कशालाच ओ देत नसे, जे दोन महिन्यांच्या मानाने बरोबरच होतं. लघवीत जंतू झाले म्हणून बुरोंडीहून तिला आधी दापोलीला नेलं, दापोलीवाल्यांनी रत्नागिरीला पाठवलं. इथे इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरला, बाय दूध ओढायला लागली. सूरजला वाटलं, सुटलो.

मग डॉक्टर गुरुप्रसाद त्याला बाजूला घेऊन बोलले. डॉक्टर वयाने सूरजएवढेच, अंगाने त्याच्या निम्मे, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. ते म्हणाले की जंतूंचं आता काही नाही, पण हिची छाती अजून कच्ची आहे. दाराजवळच्या खाटेवर उमेर नावाचा मुलगा आलाय, त्याला विषाणूचा खोकला आहे. वेगळी खोली एकच, ती आधीच भरलेली. हाच खोकला मोठ्या माणसाला झाला तर दोन शिंका आणि एक रुमाल, एवढ्यावर भागतं. तान्ह्याला झाला तर श्वास लागतो. आणि हिला झाला तर...

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि वर पंख्याकडे बघितलं. सूरजची पंख्याची भीती ही अशी सुरू झाली.

डॉक्टरांनी वॉर्डातल्या चारही खाटा भिंती परवानगी देतील तितक्या लांब सरकवल्या आणि नियम सांगितले. नाकातलं, तोंडातलं ओलं हाताला लागतं, हातावरून दुसऱ्या मुलाच्या डोळ्याला, नाकाला लागतं. हा रोग असाच चालतो. म्हणून हात साबणाने धुवायचे. एका मुलापाशी दोनच माणसं. बाहेरचं कुणी नको. खेळणी नकोत. आणि डोळ्यांत काजळ तर अजिबात नको.

सूरजने हे नियम असे पाळले की सिस्टरही त्याला बिचकायच्या. त्याचे वडील दाजी एसटीने आले, डॉक्टरांसाठी सुके बोंबील घेऊन. सूरजने त्यांना दाराबाहेरच थांबवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. दाजी काचेच्या दारापलीकडे उभे राहून फोनमध्ये नात बघत होते. मान जराशी वर केली असती तर तीच नात काचेतून दिसली असती, आणि मोठी दिसली असती. बघून झालं, डोळे पुसले, आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. बोंबील सूरजने सॅनिटायझरने पुसले. ते नंतर कुणीच खाल्ले नाहीत.

नियमांतून सुटली ती एकच व्यक्ती, सूरजची आई.

गुणवंतीने हात धुण्याचा नियम आधी अपमान म्हणून घेतला आणि नंतर स्पर्धा म्हणून. जन्मभर मासळीचे हात धुतलेल्या बाईला हा पोरगा हात धुवायला शिकवणार, असं ती मृणालीला म्हणाली, आणि नळाशी जाऊन कोपरापर्यंत असे हात धुतले की सिस्टरने बाकीच्या आयांना बघायला बोलावलं. भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. त्या चित्रांतल्या माणसापेक्षा गुणवंतीचे हात स्वच्छ होते. नियम दोन माणसांचा होता, बायपाशी मृणाली आणि सूरज असायचे, पण गुणवंतीला कुणी माणसांत मोजतच नव्हतं. ती वॉर्डाची झाली होती.

झाली ती काजळामुळे. एरंडेलाचा दिवा, त्यावर धरलेली तांब्याची ताटली, तिच्यावरची काजळी तुपात खलून पितळेच्या डबीत भरलेली; सूरज ह्याच डबीवर वाढला होता. डॉक्टर डोळ्यांत नको म्हणाले, गुणवंतीने ऐकलं. डोळ्यांत नाही, गालावर. रोज दिवेलागणीला बायच्या गालावर एक तीट. गालावर कुणाचं काय अडतं, डॉक्टरांनीही ते बघितलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्याच दिवशी उमेरच्या आईने, नबीलाने विचारलं, मावशी, आमच्या बाळालापण लावाल का. नबीला इथलीच, राजिवड्याची. नवरा अक्रम दुबईला, सासू गुडघ्यांनी घरात अडकलेली, पोर असं धापा टाकतंय, आणि डोक्यावर हात ठेवणारं कुणी नाही. गुणवंतीने विचारसुद्धा केला नाही. पदराने उमेरच्या नाकाखालचं पुसलं, बोट डबीत बुडवलं, गालावर टेकवलं. अक्रम व्हिडिओ कॉलवर होता. त्यानेही तिकडून गाल पुढे केला. गुणवंतीने तेवढ्याच गंभीरपणे फोनच्या काचेवर तीट लावली. पुढचे दोन दिवस नबीलाला ज्या कुणाचा व्हिडिओ कॉल आला, त्याला दृष्ट लागणं शक्य नव्हतं.

मग मैना म्हणाली, माझ्या पोराने काय पाप केलंय. मैनाची खाट दुसरी. मग तिसऱ्या खाटेवरची वेळणेश्वरची ज्ञानेश्वरी, तिची मुलगी. वाफ द्यायचं मशीन सारखं बंद पडायचं. सिस्टरने हसत हसत त्यालाही लावून घेतली, आणि मशीन चालू लागलं. वॉचमन नवी मोटरसायकल दाखवायला घेऊन आला.

गुणवंतीचे या बाबतीत दोन नियम होते, आणि ते डॉक्टरांच्या नियमांपेक्षा जुने होते. एक, डबी उघडली की शेवटच्या पोराला लावेपर्यंत मिटायची नाही, मधे उठायचं नाही, हात धुवायचे ते आधी आणि नंतर. दोन, आधी लोकांची पोरं, मग आपलं. आपल्याला आधी लावणारी बाई हावरी. म्हणून ती दारापासून सुरू करायची. उमेर, मग मैनाचा मुलगा, मग ज्ञानेश्वरीची मुलगी, आणि सगळ्यांत शेवटी, खिडकीजवळ, बाय.

उमेरचा खोकला वाढला. त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या, जणू आतून कुणी दोरी खेचतंय. नाकात नळी आली. नबीला खाटेचा कठडा धरून उभी राहायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहायची. त्या दिवशी गुणवंतीने त्याला दोन तीटा लावल्या.

मग मैनाच्या मुलाला सर्दी झाली. मग श्वास.

डॉक्टरांनी चादरी बदलायला लावल्या. खिडक्या उघडल्या. आयांचे मोबाईल बंद केले, मग रडारड झाली म्हणून चालू केले, पण पुसून. मैनाकडे भावजय येऊन गेली का, ज्ञानेश्वरीने कुणाचं पोर घेतलं का, सगळं विचारून झालं. कुणी काही केलेलं नव्हतं. सूरज तेवढा वेळ बायच्या पोटाकडे बघत बसायचा. पोट वर जायचं आणि खाली येईपर्यंत तोही श्वास धरून ठेवायचा. असं फार वेळ केल्याने त्याला चक्कर आली, आणि मृणालीने त्याला बाहेर नेऊन बसवलं.

“आधी तुम्ही श्वास घ्या,” ती म्हणाली. “तिचा मी बघते.”

ज्या दिवशी ज्ञानेश्वरीची मुलगी खोकली, त्या दिवशी दुपारी डॉक्टर सगळ्यांना तपासून शेवटी बायपाशी आले. बायची छाती ऐकली. साफ आहे म्हणाले, पण म्हणताना चेहरा साफ नव्हता. आपण कुठे चुकतोय कळत नाही, असं ते सूरजच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीला म्हणाले. सूरज त्यांच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टरांनी घाम पुसायला मास्क खाली घेतला होता आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर काळं लागलं होतं.

सूरजला हसू आलं. तुमचं नाक काळं झालंय, असं डॉक्टरला सांगता येत नाही. विशेषतः ज्याच्या हातात आपली पोर आहे अशाला. म्हणून त्याने नजर खाली घेतली, आणि ती स्टेथोस्कोपवर पडली. त्याच्या चकतीच्या कडेलाही काळं होतं.

हसू तिथेच थांबलं.

बोटीवर तेल गळायला लागलं की ते दिसतं एका ठिकाणी आणि गळत असतं दुसऱ्याच. मग डाग शोधत मागे मागे जायचं. सूरज उठला. मृणालीने काय झालं विचारलं, तोवर तो पुढच्या खाटेशी पोचला होता. ज्ञानेश्वरीच्या मुलीच्या मुठीला काळं, तीच मूठ तोंडात. खाटेच्या कठड्यावर काळं. वाफेच्या मास्कच्या आतल्या कडेला काळं, आणि तो मास्क आत्ता मैनाच्या मुलाच्या तोंडावर होता. सिस्टरच्या बाहीवर पुसट बोट. उमेरच्या डोळ्याच्या कोपऱ्यात, जिथे तीट कधी लावलीच नव्हती, तिथे काळं. पोरं गाल चोळतात, डोळे चोळतात. उमेर, मैनाचा मुलगा, ज्ञानेश्वरीची मुलगी. खोकलाही त्याच रांगेने आला होता, एकेका खाटेने, घाई न करता, दारापासून खिडकीकडे.

तीट दिसत होती. तिच्यासोबत जे चाललं होतं ते दिसत नव्हतं, एवढाच फरक.

सूरज पॅसेजमध्ये आला. आता आईला सांगायचं. काय सांगायचं? वॉर्डातल्या पोरांना तू आजारी पाडलंस? तिने रोज देवाचं नाव घेऊन लावली होती. नबीलासमोर सांगायचं? उमेरच्या नाकात नळी असताना? त्याने ठरवलं, ती आली की दारातच गाठायचं, हळू आवाजात, तीट हा शब्द न काढता. मग तो सिस्टरला शोधायला गेला, सिस्टर औषधं आणायला गेली होती, आणि तो परत फिरला तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते.

काचेच्या दारातून त्याला आईची पाठ दिसली. ती तिसऱ्या खाटेवर वाकली होती. पदराने पुसलं. बोट टेकवलं. बोट पुन्हा डबीत बुडवलं आणि ती खिडकीकडे वळली.

सूरज धावला. त्या वॉर्डात धावायलाही बंदी होती. बायच्या खाटेपाशी पोचला तेव्हा आईचं बोट गालापासून वीतभर होतं, टोक काळं, तुपाने चमकणारं. बोलायचं ठरवलेलं सगळं पॅसेजमध्येच राहिलं होतं. त्याने फक्त मधे तोंड घातलं.

“आये, मला लाव.”

गुणवंती थबकली. मैना, ज्ञानेश्वरी, नबीला, सगळ्या बघत होत्या.

“तुला कशाला रे? एवढा घोडा झालास.”

“मला भीती वाटते.”

हे त्याने सुचलं म्हणून म्हटलं, पण म्हटल्यावर लक्षात आलं की कित्येक दिवसांत तोंडून निघालेलं हे पहिलंच खरं वाक्य आहे. गुणवंतीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग पदराने त्याचा गाल पुसला आणि सव्वीस वर्षांच्या, दाढी वाढलेल्या गालावर तीट लावली. सूरजने तिच्या हातातली डबी घेतली आणि झाकण लावलं.

“मिटलीस?” ती म्हणाली. “बाय राहिली.”

“राहू दे.”

आपल्या आईला तो असा कधी बोलला नव्हता. ती त्याच्या मागोमाग नळाशी आली. नळाच्या तोटीवर काळे ठसे होते, रोजचे, तिचेच. तिने रोज हात धुवून नळ बंद केला होता, आणि त्याआधी काळ्या बोटानेच उघडलाही होता. सूरजने तोटीवर बोट ठेवलं.

“उमेरचं नाक पुसलंस, मग मैनाच्या पोराचं, मग तिचं. पदर तोच, बोट तेच.”

“मी हात धुते.”

“आधी धुतेस. नंतर धुतेस. मधे नाही.”

गुणवंतीने बोट डोळ्यांसमोर धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. बाजारात मासळीचे डोळे बघताना ती असंच बघायची.

“म्हणजे मी केलं,” ती म्हणाली. विचारलं नाही.

सूरज म्हणाला. “डॉक्टरच्या नाकालापण लागलंय.”

“नाकाला?”

“शेंड्याला.”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर आला. मग तिने साबण घेतला. ती धूत राहिली, धूत राहिली. नखातलं काळं तेवढं निघेना.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी आरशापाशी गेले. परत आल्यावर स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी सूरजच्या डोळ्यांत बघितलं. आजींचं एकटीचं नाही, ते म्हणाले. माझा स्टेथोस्कोप, आमचं मशीन, आमचा मास्क. हात मीही मधे धुतले नसतील, धुतले असते तर हे नाकापर्यंत आलं नसतं. त्याच संध्याकाळी प्रत्येक खाटेला तिचा तिचा स्टेथोस्कोप आणि तिचा तिचा मास्क आला. एका मुलावरून दुसऱ्याकडे जाताना हात धुतल्याशिवाय कुणी हलेना, डॉक्टरसुद्धा. मशीनवरची तीट सिस्टरने स्पिरिटने पुसली. मशीन तासाभराने बंद पडलं. ते नंतर दुरुस्त करून आणलं.

सूरजने विचारलं, बायचं काय? कालपर्यंत तिलाही लागलेली आहे. डॉक्टर म्हणाले, चारपाच दिवस बघायचं. आत शिरलं असेल तर तेवढ्यात दिसेल.

दुसऱ्या दिवशी गुणवंतीला शिंक आली. दोन शिंका आणि एक रुमाल, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. तिने कुणाला काही विचारलं नाही. पिशवी उचलली आणि खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन चिऱ्याच्या कट्ट्यावर बसली, वॉर्डाकडे पाठ करून. थेट बायच्या खिडकीखाली बसली, पण आत एकदाही बघितलं नाही. सूरजने खिडकी बंद करून घेतली, त्यासाठी तो स्वतःवर चिडला, आणि उघडी ठेवली असती तर जास्त चिडला असता.

नबीलाला सगळं कळलं होतं, वॉर्ड एवढासाच. ती दोन दिवस सूरजच्या घरातल्या कुणाशी बोलली नाही. मृणाली पाणी भरायला गेली की ती नळापासून बाजूला व्हायची. उमेर आजारी होऊनच आला होता, त्याला गुणवंतीने काही दिलं नव्हतं, फक्त त्याच्याकडून नेलं होतं. पण हे त्या वेळी कोण कुणाला समजावणार. सूरजच्या गालावरची तीट तशीच होती. पुसायचं त्याला धैर्य होईना.

तिसऱ्या दिवशी उमेरची नळी निघाली. पोर रडलं, आणि रडताना त्याला धाप लागली नाही. नबीलाने त्याला उचललं, हात धुतले, पुन्हा उचललं, आणि मग चालत खिडकीपाशी आली. सूरजने बायसमोर हात आडवा धरला. नबीला खिडकीच्या दुसऱ्या टोकाला, बायपासून लांबच थांबली. तिने काचेवर टकटक केलं आणि मोठ्याने म्हणाली.

“मावशी. फोनवर लावलेली, तशी लावा.”

गुणवंतीला कळायला वेळ लागला. मग ती उठली. डबी काढली, झाकण उघडलं, आणि बाहेरून काचेवर एक ठिपका टेकवला. नबीला उमेरला घेऊन जरा डावीकडे सरकली, जरा मागे, आणि मग तिथे थांबली. ठिपका बरोबर उमेरच्या गालावर होता. कुठेच न लागता.

मैनाला ते दिसलं. मग ज्ञानेश्वरीला. एकेकीची एकेक काच ठरली. मैना उंच, म्हणून तिची तीट वरच्या काचेवर. डॉक्टर फेरीला आले तेव्हा तीन बायका तीन कोनांत पोरं धरून खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. ते बराच वेळ हरकत शोधत राहिले. सापडली नाही. काच आतून रोज पुसून घ्या, एवढं सिस्टरला सांगून पुढे गेले. बायची काच मात्र मोकळी होती. गुणवंतीने आपली तीट शेवटी ठेवली होती, आणि आता ती लावायचा तिला धीर होत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी बायच्या नाकातून पाणी आलं.

मृणालीने बायला छातीशी धरलं आणि ती डोळे मिटून बसली. सूरज डॉक्टरांना आणायला गेला तेव्हा त्याला चप्पल सापडेना, ती त्याच्या पायात होती. डॉक्टर आले, हात धुतले, बायचा स्टेथोस्कोप खाटेच्या दांडीवरून घेतला. पुढून ऐकलं. पाठ ऐकली. पुन्हा पुढून. दुपारी आले, पुन्हा ऐकलं. बाय दूध प्यायली, थोडं कमी. संध्याकाळी खोकली एकदा, बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. सूरजने पंख्याकडे बघितलं नाही. आता त्याला पंख्याची भीती वाटत नव्हती. भीतीला आता नेमकी जागा मिळाली होती, बायच्या दोन बरगड्यांच्या मधली, आणि ती जागा आत ओढली जाते का हे तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खूप वेळ ऐकलं. बाहेर गुणवंती आज पहिल्यांदा बायच्या काचेकडे तोंड करून उभी होती. कपाळ काचेला लागलेलं, पदर तोंडावर.

डॉक्टरांनी नळ्या कानातून काढल्या. “नाकातच आहे,” ते म्हणाले. “छातीत उतरलं नाही. दूध पिते ना? मग उतरणार नाही असं वाटतं. तरी आणखी दोन दिवस इथेच.”

वाटतं, ते म्हणाले. सूरजने तो शब्द ऐकला आणि गिळला.

काचेतून गुणवंतीला काही ऐकू गेलं नव्हतं. तिने हाताने विचारलं, काय. सूरजला हाताने सांगता येईना. छातीत उतरलं नाही, पण अजून दोन दिवस, याला कुठली खूण करणार. तो नळाशी गेला, हात धुतले, मृणालीकडून बायला घेतलं आणि खिडकीशी, त्या मोकळ्या काचेसमोर येऊन उभा राहिला.

गुणवंतीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग बायच्या छातीकडे, बराच वेळ. ती छाती वर जात होती, खाली येत होती. मग तिने डबी उघडली. ठिपका लावला, आणि बोटाने खूण करत राहिली, जरा इकडे, जरा वर, नाही, खाली, मेल्या नीट धर.